होऊन गेलेला ताप

बोरटोल्यातली माणसं सांगायची, मनकर्णाबाईला ताप धरत नाही. कुणाच्या घरी कुणी तापानं फणफणलं की पहिलं बोलावणं तिलाच यायचं. ती यायची, उशाशी बसायची, कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवायची, पेज पाजायची. घरची माणसं दोन हात लांब उभी असायची आणि ही खाटेच्या काठाला टेकून निवांत.

ती होती ढिवराच्या घरची, पन्नाशी ओलांडलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा भूपेश गावच्या तलावात मच्छीमार सोसायटीकडून जाळं टाकायचा, आणि मासळी नसेल तेव्हा चामोर्शीकडे मजुरीला जायचा.

तिला ताप धरत नाही असं लोक म्हणायचे, त्याचं कारण तिला तो एकदा धरून गेला होता. काही वर्षांमागे पावसाळा सरता सरता गावात तापाची साथ आली आणि दोन माणसं गेली. त्या वेळी स्क्रब टायफस हे नाव गावानं पहिल्यांदा ऐकलं. दवाखान्यातल्या लोकांनी सांगितलं की झुडपात, गवतात, उंदरांच्या अंगावर राहणारा एक किडा असतो, डोळ्याला दिसणारसुद्धा नाही एवढा. तो चावला की रोगाचा जंतू अंगात शिरतो. चावल्या जागी बिडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते. ती दुखत नाही, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही.

त्या साथीत मनकर्णाला गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं होतं. शुद्धीवर आली तेव्हा शेजारच्या खाटेवर कुंता होती. कुंता म्हणजे इस्तारीची बायको, गावातलीच. पण या दोघींत एका फाटलेल्या जाळ्यावरून भांडण झालेलं आणि बोलणं बंद. मनकर्णानं पाणी मागितलं. जवळ कुणी नव्हतं. तेव्हा कुंता आपली सलाईनची बाटली एका हातात धरून उठली, पेला भरून घेऊन आली आणि म्हणाली, "धर, पी. जाळ्याचं मंग पाहू."

जाळ्याचं पुढे कुणीच पाहिलं नाही. दोघी एकाच गाडीनं घरी आल्या, त्या मैत्रिणी होऊनच.

आणि मग ही समजूत रुजली. मातामाय, म्हणजे देवी-कांजण्या, एकदा येऊन गेली की जन्मभर येत नाही, तसंच हेही. ज्यांना होऊन गेला ते सुटले. तलावाच्या पलीकडच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, माजलेली झुडपं आणि गवत दर वर्षी सोसायटीला कापावं लागे, पण साथीनंतर तिकडे जायला कुणी धजेना. तेव्हा मनकर्णा म्हणाली, "आमी दोघी जाऊ. आमाले काय होते?" कुंतानं विळा उचलला. तेव्हापासून पाळ या दोघींची झाली. कापता कापता गप्पा, दुपारी करंजीच्या सावलीला भाकर, आणि मधूनच कुंताचं मोठ्यानं हसणं, जे अलीकडच्या काठावर ऐकू यायचं. मनकर्णाला त्या कामाचा थोडा गर्वही होता. गावात दुसऱ्या कुणाला जमत नाही ते आपल्याला जमतं, हे सुख काही लहान नव्हे.

यंदा घरात सून होती. मोनाली नागभीडकडची, बारावी शिकलेली, कमी बोलणारी. तिला सातवा महिना लागलेला. "तू पाळीकडं फिरकू नको," असं मनकर्णानं तिला बजावलं होतं. दोघी मैत्रिणींनी पाळ साफ केली आणि कुंता धान कापणीला नदीपलीकडे भावाच्या गावी निघून गेली.

दसरा झाला आणि मनकर्णाचं अंग मोडून आलं.

पहिल्या दिवशी तिनं काम रेटलं. दुसऱ्या दिवशी अंगणात खाट टाकून पडून राहिली. डोकं असं ठणकत होतं की डोळे उघडवेनात.

"आई, दवाखान्यात जाऊ," मोनाली म्हणाली.

"साधा ताप आहे. हवा बदलून राह्यली."

"तोच नसन कशावरून?"

मनकर्णा हसली. "तो होऊन गेला न वो मले. पास झालेल्या पोरीले कोनी पुन्हा त्याच पेपरले बसवते काय?"

दुपारी मोनाली तेलाची वाटी घेऊन सासूच्या उशाशी बसली. डोकं चेपता चेपता, उजव्या कानामागे, केस सुरू होतात तिथे तिचं बोट थांबलं.

"इथी काय झालं?"

"खाजवलं असन."

मोनालीनं केस बाजूला सारून पाहिलं. काळी, गोल, कडेनं लाल झालेली खपली होती. उपकेंद्रात तपासणीला जाताना भिंतीवरच्या चित्रात तिनं तशीच खपली पाहिली होती. तिनं वाटी खाली ठेवली, हात धुतले आणि भूपेशला फोन केला.

भूपेश धावत आला, पण त्याची आई हलेना. तापानं लाल झालेल्या डोळ्यांनी ती दोघांकडे पाहत होती. "एवढ्या लोकाईजवळ बसलो मी. काई झालं काय मले? तुमी दोघं उगीच भेऊन राह्यले."

मग मोनाली दारात जाऊन बसली आणि शांतपणे म्हणाली, "बरं. मंग उद्यापासून मीबी पाळीवर जातो. तुमाले होत नाई, तर तुमच्या घरच्यालेबी होत नसन."

"पोटुशी बाई असं बोलते काय?"

"तुमी गाडीवर बसा, मी बोलत नाई."

सुनेच्या आवाजात राग नव्हता, पण ही पोर म्हणते तसं करेल हे मनकर्णाला दिसलं. ती उठली, पदर डोक्याला गुंडाळला आणि भूपेशच्या मागे गाडीवर बसली.

चामोर्शीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी खपली पाहिली आणि रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू केलं. दुसऱ्या दिवशी घाम सुटून ताप उतरला. तिसऱ्या दिवशी ती उशीला टेकून चहा पीत होती, तेव्हा एक तरुण डॉक्टरीण खाटेशी येऊन बसली. डॉक्टर आचल तिचं नाव. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत ती याच जंतूचा अभ्यास करायची. साथीच्या वर्षी मनकर्णाच्या रक्ताचा नमुना तिच्याच प्रयोगशाळेत गेला होता आणि तो अजून जपून ठेवलेला होता. आता तिला या खेपेची खपली हवी होती.

"न्या की जी," मनकर्णा म्हणाली. "मले काय करायची आहे ती? पन एक सांगा. हा एकदा झाला का पुन्हा होत नाई न?"

"असं कुणी सांगितलं, मावशी?"

मनकर्णा आठवू लागली. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. नर्सबाईनंही नाही. गावानं म्हटलं, तिनं ऐकलं. तिनं म्हटलं, गावानं ऐकलं. "कोनीच नाई," ती हळूच म्हणाली.

आचलनं खपली हलक्या हातानं काढून नळीत ठेवली, झाकण लावलं. मग घाईत नसल्यासारखी बसली. "या जंतूच्या अंगावर बाहेरून एक प्रथिन असतं. तोच त्याचा हात आणि तोच त्याचा चेहरा, असं समजा. त्या हातानं तो आपल्या शरीरातल्या पेशीला धरतो आणि आत शिरतो. पण शरीर त्याला ओळखतं तेही त्यावरूनच. मागच्या वेळी तुमच्या शरीरानं एक चेहरा ओळखून ठेवला. तोच परत आला असता, तर बहुतेक दारातच अडला असता. माझा अंदाज आहे की हा वेगळ्या चेहऱ्याचा आला. शरीराला वाटलं, कुणी नवखा आहे."

"चेहरा बदलून येते? त्याले एवढी अक्कल असते काय?"

"अक्कल मुळीच नसते. तुम्ही निंदायला जाता ना?"

"जातो की. सारी जिंदगी त्यातच गेली."

"माझ्या घरची धानाची बांधी आहे नागभीडजवळ," आचल म्हणाली. मोनालीनं डबा भरता भरता मान वर केली. आपल्याकडची निघाली म्हणून तिला बरं वाटलं. "आमच्याकडे धानात रानटी धान निघतं. लोंबी येईपर्यंत कळत नाही."

"हो जी, लई तरास त्याचा!"

"तुम्ही निंदताना काय उपटता? जे वेगळं दिसतं ते. जे जरा धानासारखं दिसतं ते हातून सुटतं, आणि त्याचंच बी खाली पडतं. पुढच्या वर्षी तसलंच जास्त उगवतं. असं होत होत शेवटी जे राहतं ते हुबेहूब धानासारखं. त्यानं काही ठरवलेलं नसतं. जंतूंचंही तेच. एकाचे दोन, दोनाचे चार होताना मधेच एखाद्याचं प्रथिन थोडं चुकीचं घडतं. उंदराचं शरीर, माणसाचं शरीर ओळखीचे तेवढे मारतं. जो ओळखू येत नाही तो वाचतो, आणि पुढे त्याचीच पोरंबाळं. आता एका तलावाच्या काठी किती चेहऱ्यांचे असतील, मलाही सांगता येणार नाही. म्हणून तर याची लस अजून कुणाला नीट साधली नाही."

मनकर्णा ऐकत होती. बांधीत वाकलेल्या बायांची रांग तिच्या डोळ्यांपुढे आली, हातात धरलेली आणि नंतर सोडून दिलेली ती हिरवी पात आली. मग एकदम तिच्या मनात दुसरंच काही आलं आणि तिनं चहाची कपबशी खाली ठेवली. यंदा पाळीवर ती एकटी नव्हती.

त्याच दुपारी इस्तारी तिला पाहायला आला. केळी हातात देऊन खुर्चीच्या टोकावर बसला. बायकोबद्दल मनकर्णानंच विचारलं.

"तिलेबी ताप आहे म्हनते भाऊ तिचा," इस्तारी म्हणाला. "दुकानातल्या गोळ्या घेऊन राह्यली. म्हनते, चिंता नाई, मले तो होऊन गेला."

मनकर्णानं केळी बाजूला ठेवली. "फोन लाव तिले."

फोन लागला. कुंताचा आवाज दुरून, ओढल्यासारखा आला. "कोन? कोन वो? जोरात बोल. कानात रातकिडे ओरडून राह्यले माया." मनकर्णा दोनदा ओरडून बोलली. "काई आयकू येत नाई," असं म्हणून कुंतानं फोन ठेवून दिला.

खोलीच्या दाराशी कागद लिहीत उभी असलेली आचल जवळ आली. "कानात आवाज येतो म्हणाल्या? ऐकू कमी येतं?" तिचा चेहरा गंभीर झाला. "या तापात होतं असं. त्यांना आजच दवाखान्यात न्यायला हवं. उद्यावर टाकू नका."

"मी जातो, आनतो तिले," इस्तारी उठला. मग उभाच राहिला.

"तुमचं ऐकतील त्या?" आचलनं विचारलं.

इस्तारी खाली पाहू लागला. "मी काईबी म्हटलं का ती म्हनते, मनकर्णाले विचारतो."

मनकर्णानं खाटेखाली पाय सोडून चपला शोधायला सुरुवात केली. मोनालीनं तिचा दंड धरला, पण अडवायला नव्हे. उभं राहताना आधार म्हणून. डॉक्टरांनी आधी नाही म्हटलं, मग नाडी पाहिली, आचलशी बोलले आणि सोबत गोळ्या व पाण्याची बाटली देऊन परवानगी दिली. पलीकडच्या तालुक्यातून अॅम्ब्युलन्स मागवायचं काम आचलनं अंगावर घेतलं.

पुलावरून जायचं तर मोठा फेरा होता. भूपेशनं घाटावरून डोंगा काढला. वैनगंगा भरलेली होती, पण आश्विनातली, शांत. इस्तारी पुढे बसला, मनकर्णा मध्ये, पाय पसरून, डोक्यावर टॉवेल. ऊन पाण्यावर पसरलं होतं. फक्त वल्ह्याचा आवाज येत होता. मनकर्णाच्या पायांत बळ नव्हतं, तोंड कडू होतं, तरी मन आश्चर्य वाटावं इतकं थंड होतं. कुंताला काय सांगायचं याची ती जुळवाजुळव करत होती. हात, चेहरा, रानटी धान. जमेना. शेवटी तिनं तो नाद सोडला.

कुंता भावाच्या ओसरीवर, भर उन्हात, घोंगडं पांघरून बसली होती. ओठ सुकलेले, डोळे लाल. मनकर्णाला पाहून ती आधी हसली, मग तिच्या डोक्यावरचा टॉवेल पाहून गोंधळली.

"तू काऊन आली वो? मले बरं आहे."

ओरडण्यात अर्थ नव्हता. मनकर्णा तिच्यापुढे बसली, मान वळवली, कानामागचे केस दूर केले, आणि कुंताचं बोट धरून त्या जागेवर टेकवलं. खपली काढलेली जागा अजून ओलसर, खोलगट होती. कुंताचं बोट तिथे फिरलं. पुन्हा फिरलं.

"हे कवाचं?"

तिनं डावा कान पुढे केला तसं मनकर्णानं त्याच्याशी तोंड नेलं. "आत्ताचं. पाळीवरचं."

कुंतानं बोट मागे घेतलं. "पन आपल्याले तर होऊन गेला न."

"तो एक होऊन गेला. हा दुसरा आहे."

एवढंच ती बोलली. मग कुंताला घरात नेऊन मनकर्णानं आणि कुंताच्या भावजयीनं मिळून तिचं अंग पाहिलं. खपली कमरेला सापडली, लुगड्याचा काच पडतो बरोबर तिथे. भावजय तोंडावर हात ठेवून उभी राहिली. कुंतानं स्वतः वाकून पाहिलं. म्हणाली, "धान अर्धं राह्यलं."

"धान आमी कापू," भावजय म्हणाली. "तुमी जा बाई."

कुंतानं हे ऐकलं की नुसतं तिच्या तोंडावरून ओळखलं, देव जाणे. अॅम्ब्युलन्स आली तेव्हा ती आपल्या पायांनी चढली.

चंद्रपूरच्या दवाखान्यात मात्र तिचं दुखणं वाढलं. दम लागू लागला, नाकाला ऑक्सिजन लावला. मनकर्णाला डॉक्टरांनी परत चामोर्शीला पाठवलं होतं. घरी आल्यावर ती अंगणातल्या खाटेवर पडून असायची आणि इस्तारीसोबत चंद्रपूरला थांबलेल्या भूपेशचा फोन आला की मोनालीच्या चेहऱ्याकडे पाहायची. त्या दिवसांत तिला कुणी बोलावलं नाही. गावात बातमी पसरली होती, आणि ज्यांना ताप होऊन गेला होता तीही माणसं आता घाबरली होती. एकदोघींनी येऊन विचारलं, "खरंच पुन्हा होते काय वो?" मनकर्णानं सगळ्यांना तीच जागा दाखवली. आपल्या कौतुकाचं जे काही होतं ते गेलं, हे तिला समजत होतं. त्याचं वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण कुंताचा श्वास नीट चालू लागला आहे असा फोन आला त्या संध्याकाळी ती गोष्ट तिच्या ध्यानातही राहिली नाही. तिनं उठून स्वतः चूल पेटवली आणि पोटभर जेवली.

कुंता दिवाळीनंतर घरी आली. वाळली होती. उजवा कान गेला तो गेलाच.

नागपूरहून आचलचा फोन आला तेव्हा मोनालीनं तो मोठ्यानं लावला. मनकर्णाच्या आधीच्या नमुन्यातला जंतू आणि यंदाचा, दोन्हींच्या प्रथिनाची घडण त्यांनी तपासून पाहिली होती. दोन्ही निराळे निघाले. चंद्रपूरहून मागवलेल्या कुंताच्या नमुन्यातला आणि मनकर्णाचा यंदाचा मात्र एकच.

"म्हंजे तिसराबी असन कुठी तरी," मनकर्णा म्हणाली.

"असेल, मावशी. घडतही असेल."

"बरं."

पाळीचा विषय सोसायटीच्या बैठकीत निघाला. कुणी म्हणालं, झुडपं तशीच राहू द्या. कुणी म्हणालं, पेटवून द्या. मनकर्णा मागे बायांत बसली होती, ती उठून उभी राहिली.

"राहू देऊन कसं होईन? उंदीर वाढतीन, मंग ते घरात येतीन. आन पेटवलं तर करंजीची झाडं जातीन. कापाच लागते. पन होऊन गेला, नाई होऊन गेला, असं काई नाई. सारेच जाऊ. अंगभर कपडे घालून जाऊ, डॉक्टरनं तेल सांगतलं ते लावू, घरी आल्यावर गरम पान्यानं आंघोळ. आन ताप आला का लपवाचा नाई. पहिले अंग पाहाचं, मंग दवाखाना."

"आन तुले कोन पाहीन?" मागून एका म्हाताऱ्यानं थट्टेनं विचारलं.

"माई सून पाह्यते," मनकर्णा म्हणाली आणि खाली बसली.

मोनालीला पौषात मुलगी झाली. बारशाला कुंता आली ती मनकर्णाच्या उजव्या हाताला बसली, म्हणजे डावा कान तिच्याकडे राहील. आता तिची बसायची जागा तीच. बायांचा गलका चालला होता, पाळण्यातली पोर रडत होती, आणि कुंता प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत होती. मनकर्णा दोनदा सांगत होती. एकदा तर तिनं काही सांगितलंही नव्हतं, तरी कुंता खळखळून हसली.

"काय आयकलं वो तू?" मनकर्णानं विचारलं.

"काई नाई," कुंता म्हणाली. "तू काई तरी बोलली असन असं वाटलं."